पुढं बसेल त्यानं ओरडायचं

डॉगबेरी कोव्ह या बेटावरच्या कोळ्यांच्या गावात कुणी कुणाला तोंडावर नाही म्हणत नाही. हा आपला मोठेपणा आहे असं गावातली माणसं समजतात. मेल्विना हॉलेटला विचाराल तर हा निव्वळ भेकडपणा आहे, आणि हे ती चर्चच्या पायरीवर उभी राहून पाद्रीबुवांच्या देखत सांगेल.

तिची मान मोडून पुन्हा जोडली त्याला दोन हिवाळे झाले होते. मानेत धातूची पट्टी आणि स्क्रू आहेत. त्यामुळं डावीकडं-उजवीकडं बघायचं झालं की ती कंबरेपासून वळते. आंट मेल दीपगृहासारखी फिरते असं गावातली पोरं म्हणतात, पण ती गल्लीच्या टोकाला असली तरच. डॉक्टरांनी तिला गाडी चालवायची परवानगी परत दिली, मोठे आरसे लावण्याच्या अटीवर. तिनं आरसे लावले, चांगले परातीएवढे. मग दर सोमवारी आणि गुरुवारी उजाडायच्या आत तिनं व्हॅन पूर्वीसारखीच धक्क्यावर आणून उभी केली. शहरातल्या इस्पितळात जाणाऱ्यांची टॅक्सी तिथूनच सुटते, तिच्या तरुणपणापासून सुटत आली आहे.

आणि कुणी आलं नाही.

आलं नाही म्हणजे कुणी भांडलं नाही की काही बोललं नाही. आदल्या संध्याकाळी फक्त फोन यायचे. "मेल, राणी, माझी तारीख पुढं ढकलली गं त्यांनी." "मेल, आज गुडघा बराय, कशाला उगाच जायचं?" दुसऱ्या दिवशी हीच मंडळी शेजारच्या बंदरातल्या सिरिल कीपिंगच्या मिनीबसमधून जाताना दिसायची. धक्क्यापाशी आली की सगळीच्या सगळी बुटांच्या नाड्या बांधायला खाली वाकायची. मेल्विना रिकाम्या व्हॅनमध्ये थर्मासातला चहा पीत बसायची आणि मिनीबस नजरेआड होईपर्यंत हॉर्नवर तळहात दाबून धरायची. गावाची झोप मोडायची ती मोडायचीच. तुम्ही लाजेनं वाका, मी वाजवते, असा तिचा हिशेब होता.

तसा या बाईचा स्वभावच रस्ता न सोडण्याचा. मासेमारी बंद पडली तेव्हा नवरा दूर अल्बर्टात तेलाच्या कामावर गेला आणि तिथंच दुसऱ्या बाईच्या घरी राहिला. मेल्विनानं त्याची होडी विकली, इंजिन विकलं, शेडमधली जाळी विकली आणि पहिली व्हॅन आणली. लोक म्हणाले, बाई एकटी, चार तासांचा माळ, धुकं, बर्फ, कसं व्हायचं? ती म्हणाली, नवऱ्याला जाता आलं त्याच रस्त्यानं, मला जाता-येता येईल. मग तिनं गावातल्या अडलेल्या बायकांना बाळंतपणाला नेलं, कॅन्सरवाल्यांना औषधाला नेलं आणि दोन जणांना शेवटचं परतही आणलं. गावात असं एकही घर नसेल ज्यातल्या कुणी तिच्या गाडीत उलटी केली नाही.

या रस्त्याचं दुखणं एकच, मूस. चित्रात पाहणाऱ्यांना वाटतं हरणाचाच थोरला भाऊ असेल. प्रत्यक्षात घोड्याहून उंच, पाय म्हणजे काठ्या, आणि त्या काठ्यांवर भरलेल्या कपाटाएवढं धड. रंग ओल्या डांबराचा. डोळे इतके वर की गाडीचा उजेड तिथवर जात नाही, म्हणून ते चमकतही नाहीत. गाडी धडकते ती पायांना. पाय मोडतात आणि धड काच फोडून आत माणसाच्या मांडीवर येतं. त्यातून हे जनावर रस्त्यावर येतं ते नेमकं तांबडं फुटताना आणि दिवस कलताना, आणि इस्पितळाची माणसं जातात-येतात तीही त्याच वेळेला.

तरीही गाव त्याला शिव्या घालत नाही, कारण गाव त्याला खातं. दर हेमंतात शिकारीचा परवाना निघतो, त्याच्या मांसानं बरण्या भरतात, रविवारी रश्श्याचा वास घराघरातून येतो. गावाचं अर्धं जेवण आणि अर्धी भीती एकाच जनावराकडून येते. मेल्विना मात्र मानायला तयार नाही. "माझा खापरपणजोबा इथं होडी घेऊन आला तेव्हा या बेटावर औषधालासुद्धा मूस नव्हता," ती म्हणते. "सरकारनं बोटीतून चार नग आणून सोडले. मी इथली, ते आलेले. आता रस्ता कुणी सोडायचा ते तुम्हीच सांगा."

म्हणूनच तिच्या टॅक्सीत पुढची सीट मानाची नसते, कामाची असते. चालवणारा समोर आणि डावीकडं बघतो, पुढं बसणाऱ्यानं उजवीकडची, रस्त्याकडेची चारी बघायची. झोपायचं नाही, विणत बसायचं नाही, जपमाळ तर नाहीच, आणि काही हललेलं दिसलं की पूर्ण घसा फोडून ओरडायचं. पाद्रीबुवांना एकदा मानानं पुढं बसवलं तर ते घोरायला लागले. मेल्विनानं भर माळावर गाडी थांबवली, त्यांना उठवून मागं धाडलं आणि त्यांच्या जागी एका कोळ्याच्या सुनेला बसवलं.

तिची मान मोडली त्या दिवशी पुढं बसले होते अंकल आल्फिअस पिटमन. गावात वयानं मोठा तो सगळ्यांचाच अंकल. आल्फिअसनं जन्मभर मासे धरले आणि दर हेमंतात मूस मारले. त्यांच्याइतकी नजर गावात कुणाची नाही. दुपारी इस्पितळात डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं की हृदय थकलंय, जपून राहा. परत येताना धुकं होतं, दिवस मावळत होता, आणि मेल्विनाच्या दंडावर त्यांचा हात आला. हळूच आला आणि घट्ट दाबला गेला.

त्यांना छातीत कळ आली असं तिला वाटलं. तिनं मान वळवून त्यांच्याकडं पाहिलं. तेव्हा तिची मान वळत होती. म्हातारा तिच्याकडं बघतच नव्हता. ओठ मिटून, श्वास धरून तो उजवीकडं बघत होता. मग छप्पर गेलं.

मेल्विनाला इस्पितळाच्या पलंगावर सगळं कळलं. डोकं लोखंडी कड्यात अडकवलेलं, बघायला नुसतं छत, मग माणूस करणार काय, विचारच करणार. जंगलात मूस दिसला की शिकारी ओरडत नाही. तो गप्प होतो. शेजारच्याच्या दंडावर हात ठेवतो, दाबतो, म्हणजे तिकडं बघ. जन्मभर त्या हातानं हेच केलं होतं. आल्फिअसनं मूस वेळेवर पाहिला होता, अगदी वेळेवर, आणि शिकाऱ्याचा हात शिकाऱ्यासारखा वागला.

हे तिनं कुणाला सांगितलं नाही. गावानं आपलं ठरवलं की मेलचे डोळे गेले, वय झालं, दिसलं नाही तिला. फिलोमेना पाईकच्या बहिणीचं त्या अपघातात मनगट मोडलं होतं. फिलोमेनानं ही बातमी दुकानातून चर्चमध्ये आणि चर्चमधून बिंगोच्या हॉलमध्ये नेली. फिलोमेनाच्या जिभेला हाड नाही आणि आवाज असा की धक्क्यावर बोलली तर होडीतल्याला ऐकू जातं. आल्फिअस मात्र मिठाची गुळणी धरून बसले. आपलं गळ्याचं हाड जुळल्यावर ते मेल्विनाच्या अंगणात येऊन तिची लाकडं फोडून द्यायचे, दाराशी साफ केलेला मासा ठेवायचे आणि तिनं दार उघडायच्या आत निघून जायचे. मेल्विना मासा तळून खायची. इस्पितळातही लोकांनी आणलेला मुसाचा रस्सा ती तिसऱ्याच दिवशी जेवली होती. त्यानं मला संपवायला बघितलं, आता मी त्याला संपवते, असं नर्सला सांगून.

पण या वर्षी पाणी गळ्याशी आलं. रिकाम्या गाडीचा खर्च घर किती दिवस सोसणार? तिची मुलगी लोरेटा गावातलं दुकान चालवते. तिनं व्हॅनला गिऱ्हाईक शोधून ठेवलं होतं. बर्फ पडायच्या आत देऊन टाकायची, असं मायलेकींत ठरलं होतं. म्हणजे लोरेटानं ठरवलं होतं आणि मेल्विना गप्प राहिली होती. ती गप्प राहिली हेच लोरेटाला भयंकर वाटलं.

तेवढ्यात सिरिल कीपिंगच्या मिनीबससमोर एक मूस आला. धडक झाली नाही, नुसता आरसा गेला. पण सिरिलच्या बायकोनं घरात असा काही गोंधळ घातला की नाताळ होईपर्यंत गाडी अंधारात काढणार नाही असं त्यानं जाहीर केलं. अंधारात गाडी काढायची नाही म्हणजे इस्पितळाला जायचंच नाही.

बुधवारी दुपारी मेल्विनाचा फोन वाजला.

"मेल," फिलोमेना म्हणाली. "मेल, माझी तारीख पुढं ढकलली नाही."

"कशाची तारीख?"

"छातीत गाठ लागलीय हाताला. उद्या बघणारेत. उद्या चुकली तर पुढची वसंतात देतील."

फोनवर अशा वेळी काय म्हणतात ते मेल्विनाला पाठ होतं. ते तिनं म्हटलं नाही. "उजाडायच्या आत धक्क्यावर ये," ती म्हणाली. "थांबणार नाही मी."

मग कोट चढवून ती आल्फिअसच्या शेडमध्ये गेली. म्हातारा ठोकळ्यावर बसून जाळं विणत होता. विकत कुणी घेत नाही तरी विणतो. तिला पाहून तो उठायला लागला.

"बसा, अंकल आल्फी. उद्या शहरात जायचंय. तुम्ही पुढं बसायचं."

"मला कुठं बोलावलंय पोरी डॉक्टरनी?"

"डॉक्टरनी नाही. मी बोलावलंय."

"माझी नजर राहिली नाही आता."

"काल समुद्रात पाऊण मैलावर पोहणारा सील दाखवलात तुम्ही लोरेटाच्या पोराला. नजरेचं नका सांगू मला. तुमची नजर तेव्हाही होती आणि आत्ताही आहे. कमी पडला तो घसा."

आल्फिअसच्या हातातली सुई थांबली. दोन हिवाळे दोघं ज्या गोष्टीभोवती फिरत होते ती आता शेडच्या मधोमध येऊन उभी राहिली.

"ठाऊक आहे तर तुला."

"हात माझ्या दंडावर होता, अंकल. शेजारणीच्या नव्हता."

"मग दुसरं कुणी बसव की पुढं. मला कशाला?"

"कारण दुसरं कुणी बसत नाही," मेल्विना म्हणाली. "आणि मला या गावातली सगळ्यांत चांगली नजर हवीय. फक्त या वेळी ओरडायचं. शेळीसारखं नाही, बैलासारखं."

ती दारापर्यंत गेली आणि कंबरेपासून वळली. "टोपी घाला. हीटर धड चालत नाही."

गुरुवारी सकाळी फिलोमेना आली ती अगदी शेवटच्या सीटवर, मागच्या दाराला टेकून बसली. अंगावर दोन कोट, डोक्यावर मुलाचं आइसहॉकीचं शिरस्त्राण, हातात जपमाळ.

"हे काय डोक्यावर?" मेल्विनानं आरशातून विचारलं.

"सर्दी होते मला."

"माळेवर किती फेऱ्या झाल्या?"

"तू रस्त्याकडं बघ. तेवढं केलंस तरी पुष्कळ झालं."

"मागचा दरवाजा पक्का लागत नाही हं तो," मेल्विना म्हणाली. फिलोमेना मुकाट्यानं एक सीट पुढं सरकली. दरवाजा उत्तम लागत होता.

जाताना काही झालं नाही. आल्फिअस पुतळ्यासारखे बसून चारी बघत राहिले, एक ससा दिसला तर "ससा" म्हणाले, तेही खोकल्यासारखं. मेल्विनानं सांगितलं, याहून मोठ्यानं आमची चिमणी बोलते. इस्पितळात फिलोमेनाला आत घेतलं, सुया टोचल्या, छातीचे फोटो काढले आणि पुढच्या गुरुवारी या, म्हणजे काय ते सांगू, म्हणाले. बाहेर आल्यावर ती जी बोलायला लागली ती थांबेना. इस्पितळातली भिंत, नर्सचे केस, लिफ्टमधल्या माणसाचे बूट. मेल्विनानं तिला बोलू दिलं. भ्यालेल्या माणसाला बोलू द्यावं, एवढं इतक्या वर्षांच्या फेऱ्यांत तिला कळलं होतं.

माळ लागला तेव्हा सूर्य टेकला होता. दोन्ही बाजूंना तळी, त्यांच्या काठानं बुटकी वाकडी झाडं, आणि रस्त्याच्या कडेला माणसाला लपवतील अशी झुडपं. मेल्विनानं वेग उतरवला. मागून एक ट्रक आला, हॉर्न देत पुढं निघून गेला. "जा बाबा, जा," ती म्हणाली. ती घाबरली होती. अपघात झाला तीच ही चढण होती. तिथं रस्त्यावर खुणेसाठी काही नव्हतं, पण तिला दगड न् दगड ठाऊक होता. घाबरायचं ते घाबर, पण रस्ता सोडू नकोस, असं ती स्वतःला बजावत होती.

आणि तिच्या दंडावर हात आला.

तोच हात, तसाच हळू, तसाच दाबणारा. या वेळी मान वळणार नव्हती, वळवायचीही नव्हती. तिनं समोर बघत दात आवळले. शेजारी म्हाताऱ्याचा श्वास अडकलेला तिला ऐकू आला, घशात काहीतरी घरघरलं, आणि मग त्या माणसाच्या तोंडून जन्मात निघाला नव्हता असा आवाज फुटला.

"मूऽऽस! थांबव! थांबव पोरी, मूऽऽस!"

ब्रेक करकचून लागला. व्हॅन तिरकी झाली, घसरली, सरळ झाली आणि थांबली. उजव्या चारीतून एक मादी सावकाश रस्त्यावर चढली आणि बरोबर मधोमध उभी राहिली. तिचं पोट गाडीच्या टपाच्या वर दिसत होतं असं फिलोमेना पुढं सांगत असे. तेवढं नव्हतं, पण फार कमीही नव्हतं.

"मागं घे!" फिलोमेना किंचाळली. "अगं मागं घे गाडी!"

"मागं अंधार आहे, आरशात दिसत नाही," मेल्विना म्हणाली. तिनं दिवे मंद केले. "पुढचं दिसतंय."

मादीचे कान मागं पडले. खांद्यावरच्या कुबडाचे केस ताठ उभे राहिले, आणि ती जीभ काढून ओठ चाटायला लागली. आल्फिअस पुटपुटले, "हे चांगलं नाही, पोरी. ही येणार अंगावर."

ती आलीच. दोन ढांगांत आली आणि पुढचा पाय तिनं कुऱ्हाडीसारखा मारला. डावा दिवा फुटला. व्हॅन हादरली. काचेवर तिच्या नाकपुड्यांची वाफ बसली.

मेल्विनाच्या अंगाचा तिळपापड झाला. दोन हिवाळे जे काही तिनं गिळलं होतं ते सगळं त्या वाफेच्या डागाकडं बघून वर आलं. "मार!" ती काचेआडून ओरडली. "मार, दुसराही आहे दिवा! मान घेतलीत, गिऱ्हाईक घेतलंत, आणखी काय हवंय? मी इथंच आहे! मी हलत नाही! तुझ्या आजीला बोटीतून आणलं गं सरकारनं, माझ्या आजीला नाही!"

"मेल, तिला कळत नाही गं भाषा," फिलोमेना मागून रडत म्हणाली.

"मला कळते ना!"

मादीनं बराच वेळ त्या एका दिव्याकडं पाहिलं. मग कान हलले. ती वळली आणि काही घडलंच नाही अशा थाटात डावीकडच्या झुडपांत उतरली.

"गेली! चल! चल आता, मेल, चल!"

मेल्विना हलली नाही. "अंकल, चारीत बघा."

"आहे," आल्फिअस म्हणाले. मग त्यांना आठवलं, आणि ते ओरडले, "आहे! पिल्लू आहे!"

उजवीकडची झुडपं हलली. या वर्षीचं पिल्लू, नुसते पाय आणि कान, धडपडत वर आलं, डांबरावर घसरलं, उठलं आणि आईमागं पळालं. फिलोमेनाचं ऐकून गाडी सोडली असती तर ते बरोबर बॉनेटवर आलं असतं. आईसाठी थांबलेली माणसं पिल्लावर मरतात, या रस्त्यावर हे नेहमीचं आहे.

मग मेल्विनानं चाकावरचे हात काढले आणि मांडीवर ठेवले. फिलोमेनानं शिरस्त्राण काढलं, नाक पुसलं, आणि जीव परत आल्यावर माणूस जसं बोलतं तसं थट्टेनं बोलली.

"काय हो अंकल आल्फी, एवढा मोठा भोंगा घशात ठेवलाय, मग त्या दिवशी कुठं गहाण टाकला होतात?"

आल्फिअसनं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"त्या दिवशी पाहिला होता मी," ते म्हणाले. "लांबून पाहिला होता. आणि हिच्या दंडावर हात ठेवला, जंगलात ठेवतात तसा. गप्प बसलो. हिला वाटलं मला कळ आली. ही माझ्याकडं बघायला वळली, एवढाच हिचा दोष."

मेल्विनानं गाडी सुरू केली. एका दिव्याचा पिवळा पट्टा रस्त्यावर पडला.

"तुला हे ठाऊक होतं?" शेवटी फिलोमेनानं विचारलं. आवाज इतका बारीक की मेल्विनाला वाटलं रेडिओ लागला.

"होतं."

"मग बोलली का नाहीस? अख्खं गाव तुला आंधळी म्हणतंय. मी स्वतः दुकानात उभी राहून—"

"तू दुकानात काय म्हणालीस ते मला शब्दन् शब्द पाठ आहे, फिल. लोरेटा माझी मुलगी आहे." मेल्विना समोर बघत होती. तिला दुसरीकडं बघताच येत नव्हतं. "गाडी माझी. चाक माझ्या हातात. रस्त्यावरून नजर काढली ती मी. ज्याला माझ्या गाडीत बसायचंय त्यानं हे माहीत असून बसावं. म्हाताऱ्याच्या डोक्यावर खापर फोडून मला माणसं नकोत. आणि हे या गाडीच्या बाहेर जायचं नाही. गेलं, तर पुढच्या गुरुवारी चालत जा."

फिलोमेना गप्प झाली. माळ संपला, समुद्र दिसायला लागला, तरी ती गप्पच होती. आजवर तिच्या तोंडाला एवढं मोठं कुलूप कुणी घातलं नव्हतं.

आल्फिअसचं घर गावात शिरताना पहिलंच. मेल्विनानं गाडी थांबवली. म्हातारा उतरला, पण दार लावेना. हात दारावर ठेवून उभा राहिला.

"उद्या दुकानात सांगणार आहे मी."

"नाही सांगायचं. आत्ता बोलले ना मी?"

"ऐकलं मी."

"मग? तुमची लाज जाईल, माझी काही मान परत यायची नाही. गप्प बसा."

"मेल्विना," आल्फिअस म्हणाले. एरवी ते तिला पोरी म्हणत. "एकदा गप्प बसलो, त्यात तुझी मान गेली. आता पुन्हा गप्प बस म्हणतेस?"

कुणाचं म्हणून ऐकून न घेणाऱ्या मेल्विनाला रडू यायला लागलं. ते लपवायला मान फिरवावी तर तीही फिरत नव्हती, म्हणून ती तशीच समोर बघत त्या दोघांच्या देखत रडली. आल्फिअसनं दार लावलं. घराच्या वाटेनं जाताना त्यांनी अंगणातल्या कुत्र्याला मोठ्यानं हाक मारली, गरज नसताना.

तेवढ्यात मागचं दार सरकल्याचा आवाज आला. फिलोमेना दोन कोट, पिशवी, शिरस्त्राण, जपमाळ असा सगळा पसारा घेऊन खाली उतरली, वळसा घालून पुढं आली आणि पुढच्या सीटवर चढून बसली. पट्टा ओढून लावला.

"इथून तुझं घर दिसतंय, फिल," मेल्विना नाक पुसत म्हणाली.

"दिसू दे. पुढच्या गुरुवारी इथं बसायचंय, आत्ताच बसून बघतेय. आणि लोरेटाला सांग, त्या व्हॅनच्या गिऱ्हाईकाला परत पाठव. माझी तारीख आहे."

"पुढं बसेल त्यानं ओरडायचं असतं."

"मेल," फिलोमेना म्हणाली, "मला ओरडायला शिकवतेस?"

तिनं जपमाळ पिशवीत टाकली आणि उजवीकडं तोंड केलं. तिकडं चारी नव्हती, पायवाट होती आणि वाळत घातलेली चादर होती. तरी ती डोळे ताणून बघत राहिली. मेल्विनानं गिअर टाकला आणि उरलेल्या एका दिव्यावर गाडी हळूहळू गावात नेली.